गाडी सोडायची नाही

खुंटेबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. डेपोतल्या मंडळींनी ते ठेवलं होतं आणि अगदी चपखल ठेवलं होतं. सारी नोकरी त्यांनी शहरातली बस चालवली, पण वाटेत कधी सीटवरून उठले असतील तर शपथ! शेवटच्या थांब्यावर कंडक्टर चहाला पळायचा, बुवा आपले तिथेच, स्टेअरिंगवर हात ठेवून. डेपोचा नियमच होता तसा. बदली ड्रायव्हर येऊन "गाडी ताब्यात घेतली" असं तोंडाने म्हणत नाही, तोवर गाडी सोडायची नाही. बाकीचे हा नियम सोयीने पाळायचे. बुवांच्या तो अंगात मुरला होता.

ते निवृत्त झाले आणि जावयाने आपली घरगाडी महिनाभरासाठी देऊ केली. मागे पलंग, शेगडी, ओंजळीएवढं बेसिन आणि पुढे ड्रायव्हरची ऐसपैस सीट. "आईंना जरा फिरवा, बाबा," जावई म्हणाला. आईंना, म्हणजे बुवांच्या बायकोला, आकाश ठेंगणं झालं. लग्नापासून तिची एकच हौस होती, एखादं मोठं शहर नवऱ्याबरोबर पायी हिंडून बघायचं. पण शनिवार-रविवार म्हणजे बसला गर्दी, आणि गर्दी म्हणजे बुवांना ड्यूटी. हौस तशीच राहून गेली.

शनिवारी सकाळी दोघं पहिल्या मोठ्या शहरात शिरले. पूल ओलांडला मात्र, बुवांनी सवयीने गाडी कडेला घेतली आणि बसथांब्यावर अलगद उभी केली. पोचलो वाटतं, म्हणून बायकोने दार उघडलं. तोच एक आजीबाई पिशवी सांभाळत वर चढल्या आणि पलंगावर टेकल्या.

"बाजारापाशी सोडा," त्यांनी फर्मावलं.

बुवांनी आरशात बघितलं आणि मुकाट्याने गाडी पुढे काढली. बायकोने तोंडात रुमाल कोंबला. बाजारापाशी उतरताना आजीबाई म्हणाल्या, "नवी बस छान आहे हो. चहाचीसुद्धा सोय केलीत!"

त्यानंतर दोघं पोट धरून हसली. पण ते हसू नदीकाठच्या मैदानापर्यंतच टिकलं. तिथे अशा गाड्या उभ्या करायची सोय होती, फाटकावर पहारेकरी होता. बायकोने बूट चढवले, खांद्याला पिशवी लावली. बुवा सीटवरच.

"तू जाऊन ये. मी थांबतो गाडीपाशी."

"अहो, कुलूप आहे की गाडीला."

"जावयाची गाडी आहे. ओरखडा पडला तर कोणत्या तोंडाने परत देऊ?"

"पहारेकरी बसलाय."

"बसलाय कुठला, पेंगतोय तो."

पहारेकरी खरंच पेंगत होता, त्यामुळे तिला पुढे बोलता येईना. ती एकटी गेली. संग्रहालय बघितलं, घड्याळाच्या मनोऱ्यावर चढली, संध्याकाळी पाय ओढत परत आली. चहा पिता पिता एकेक सांगू लागली. बुवा हुंकार देत होते आणि खिडकीतून वाकून चाकाकडे बघत होते.

"ऐकताय ना?"

"हो हो. मागच्या चाकात हवा कमी वाटते गं."

तिने कप खाली ठेवला. "मी सोमवारी रेल्वेने घरी जाते. तुम्ही फिरवा गाडी."

ती चिडून बोलली असती तर बुवांनी समजूत घातली असती. पण आवाज अगदी साधा होता, भाजी काय करू विचारताना असतो तसा.

"घरी एकटी बसून वाट बघतच होते की मी," ती म्हणाली. "त्याच्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं?"

ही बाई धमक्या देत नाही, बोलते ते करते, हे बुवांना चांगलं ठाऊक होतं. तरीही, "येतो उद्या" एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघेनात.

रविवारी जाग आली तेव्हा ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. आवरून, केस विंचरून, ताठ.

"गाडी ताब्यात घेतली," ती म्हणाली.

"काय?"

"बदलीवर आलेय. उतरा."

"अगं, आणि तू?"

"मी काल बघितलं ना? आज तुम्ही बघा. निदान मी काय सांगत होते ते कळेल तरी."

नियम म्हणजे नियम. बुवा उतरले. गाडीभोवती एक फेरी मारली, चाकांना हात लावला आणि फाटकाबाहेर पडले.

मनोरा चढताना त्यांना धाप लागली. वर पोचून खाली बघितलं, तर रस्त्यावर बस उभी होती. दारातून माणसं उतरली आणि पांगली. कोणी बागेत शिरलं, कोणी नदीकडे वळलं, दोन बहिणी हात धरून पळत सुटल्या. बुवांनी जन्मभर माणसं दारापर्यंत आणून सोडली होती. उतरल्यावर ती जातात कुठे, हे ते आज पहिल्यांदा बघत होते. त्यांना एवढी मजा वाटली की ते वळून म्हणाले, "अगं, हे बघ!"

शेजारी एक अनोळखी गृहस्थ उभे होते. त्यांनी भिडेखातर खाली बघितलं.

पुढे एका गल्लीत टोप्यांचं दुकान लागलं. काचेमागे टोप्यांच्या ढिगावर एक लठ्ठ मांजर झोपलं होतं, कानावर एक टोपी ओढून घेतल्यासारखं. "हे बघ," बुवा पुन्हा म्हणाले. या वेळी शेजारी कोणीच नव्हतं. ते थोडा वेळ मांजराकडे बघत राहिले, मग तरातरा मैदानाकडे निघाले.

ती सीटवरच होती. दोन्ही हात स्टेअरिंगवर.

"अगं, पाणी तरी प्यायलीस का?"

"उठणार कशी? ताबा सोडायचा नसतो ना," ती हसून म्हणाली. पण उतरायला गेली तर पाठ धरली होती, गुडघा सरळ होईना. बुवांनी तिला दोन्ही हातांनी सावरून खाली घेतलं. आणि एकदम त्यांना भडभडून आलं.

"तुझ्या बदलीला कधी कोणी आलंच नाही गं," ते म्हणाले.

ती त्यांच्या दंडाला धरून उभी राहिली. बुवांनी किल्ली काढली, दाराला कुलूप घातलं.

"आणि गाडी?" तिने विचारलं. "कोणाच्या ताब्यात?"

"राहू दे तशीच," बुवा म्हणाले. "तू चल लवकर. तिकडे एक मांजर झोपलंय, ते उठायच्या आत तुला दाखवायचंय."