नाव वेगळं, वाट वेगळी

सोमवारी सकाळी अक्का गेल्या. दुपारी त्यांच्या भावानं दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली; मी तिथे अक्कांच्या हाताखाली काम करत असे. कॉम्प्युटरवर मोलगीपलीकडच्या पाड्यांचा नकाशा होता. एका पाड्याला नाव नव्हतं.

अक्का मूळच्या कोरीटच्या. नंदुरबारला त्यांनी आधी लग्नपत्रिका केल्या, मग नकाशे. चित्रकारानं कॉम्प्युटरवर काढलेला नकाशा सुंदर असतो, पण आपण पृथ्वीवर कुठे आहोत हे त्याला ठाऊक नसतं. "चित्र हवामा शे," अक्का म्हणत, "त्याले जमीनवर उतार." मग चित्रातला पूल खऱ्या पुलावर, शाळा शाळेवर बसवायची. खुणेला झाड घेतलं की ओरडत, "झाड तुटस, मास्तर. पूल हालत नही." मी कधीच मास्तर नव्हतो. डबा खाताना पुस्तक वाचतो, एवढ्यावरून मिळालेली पदवी होती ती.

पाड्यांचं काम आलं ते रुग्णांच्या जीपसाठी. चालक भाईदास मोबाइलवर नकाशा बघून जाणार होता. वाट चुकली तर बाळंतीण डोंगरातच राहणार, हे अक्कांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. वर म्हणाल्या, "नकाशावर मोलगी वीतभर. जीपमा बठ, मंग कंबर सांगी कितली लांब शे."

चाचणीच्या फेरीत भाईदासचा फोन आला. "अक्का, तुमना नकाशामा कड्यावर सडक शे! एकदम सरळ! तठे ते बकरी बी चढत नही!"

अक्कांनी नकाशा मोठा करून पाहिला आणि इतक्या हसल्या, की शेजारचा टेलर डोकावला. पत्रिका छापखान्यात पाठवताना अक्षरं बिघडू नयेत म्हणून त्यांचे नुसते आकार करून टाकायची अक्कांच्या हाताला सवय होती. तेच इथे झालं होतं. रेघांवरून वाटा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला अक्षर कळलंच नाही. काळी रेघ दिसली की त्यानं तिला वाट समजलं. पाड्यांच्या नावांवरच्या शिरोरेषा रस्ते झाल्या होत्या.

हसू ओसरल्यावर त्या फोनवर म्हणाल्या, "भाईदास, जीप मांगे ले. मी सांगस नही तोपर्यंत ह्या नकाशावर कोणलेच बसाडू नको." सगळी नावं पुसली. पुन्हा एकेक टाइप केलं, वाटांपासून वेगळं. "नाव येगळं, वाट येगळी," हे मग येताजाता ऐकावं लागे.

शेवटच्या पाड्याचं नाव चित्रात एक होतं, तिथलं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई दुसरं सांगत होत्या. अक्कांनी जागा रिकामी ठेवली. "तठे जाईसन टाकसू." मग छातीत दुखू लागलं, आणि जाणं राहिलं.

दिवसकार्य झाल्यावर मी भाईदासबरोबर गेलो. जीप थांबली तिथून पुढे वाट पायीच होती. घरासमोर महू, म्हणजे मोहाची फुलं, वाळत घालणाऱ्या एका बाईला नाव विचारलं. तिनं सांगितलं. मी म्हणून दाखवलं, ती हसली. तिचं हसू थांबेपर्यंत मी म्हणत राहिलो. मग तिथेच दगडावर बसून ते टाइप केलं.

परत येताना भाईदास म्हणाला, "अक्कानी तपासं असतं."

"तपासलं असतं," मी म्हणालो, "आणि चूक सापडली नसती."

दुकान आता मी उघडतो. भाईदास त्या नकाशावर जीप नेतो. पाड्याला नाव आहे, आणि वाट नावाच्या खालून जाते.