न आलेल्या पोरांचा वाटा

मी सर्वात जास्त ऋणी आहे तो डहाणूच्या एका बँकेतल्या कॅशियर मॅडमचा. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण कागदावर विनाकारण नाव आलेलं त्यांना खपत नसे. "सही जिथे पाहिजे तिथेच करायची," असं त्या म्हणत. माझ्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बी.कॉम. झालो ते आई-वडिलांच्या चिकूच्या वाडीतल्या मजुरीवर आणि सरकारी शिष्यवृत्तीवर. पण हिशेब शिकलो तो मॅडमकडून.

२०१४ साली शिष्यवृत्तीचे पैसे काढायला गेलो असताना मी एकच स्लिप तीन वेळा चुकवली. मॅडमनी काउंटरच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं.

"कॉमर्सला आहेस ना?"

"हो मॅडम."

"मग देवच तारील तुझ्या शेठला."

मागची माणसं हसली. माझे कान तापले. पण चौथी स्लिप त्यांनी स्वतः माझ्यासमोर भरून दाखवली, आणि पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार आहेत, शनिवारी घरी ये, असंही सांगितलं. त्यांचं घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर होतं. त्या घरात गुजराती बोलत, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही मिळून. ओट्यावर आम्ही चौघं विद्यार्थी बसायचो. फी नव्हती. एकदा मी आमच्या गावाहून, रानशेतहून, घरच्या काकड्या नेल्या, तर त्यांनी त्या घेतल्या आणि वहीत लिहिल्या: 'काकडी, सात नग, विद्यार्थ्याकडून, भेट.' मला वाटलं चेष्टा करताहेत. त्या चेष्टा करत नव्हत्या.

पहिला धडा पुस्तकातला नव्हता. "घरात कोणी धंदा करतं?" असं त्यांनी विचारलं. माझी मावशी कासा इथे चहा-भजीची टपरी चालवते. मग महिनाभर तिची रोजकीर्द, म्हणजे रोज आलेल्या-गेलेल्या पैशाची नोंद, लिहून आण, असं मॅडमनी फर्मावलं. मावशीला ते फार आवडलं नाही. "आता माझा भाचा माझ्यावर पोलीस," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. तरी तिने लिहू दिलं.

जीपवाले पॅसेंजर घेऊन आले की त्यांना मावशी चहा फुकट द्यायची. रिवाजच तो. ते मी लिहीत नव्हतो. मॅडमनी वही पाहिली आणि विचारलं, "दूध एवढं आणि चहा एवढाच? मावशी दुधाने आंघोळ करते?"

"जीपवाल्यांना फुकट देते ती. फुकटचं काय लिहायचं?"

"दिला ना?"

"दिला."

"मग लिही. पैसे आले नाहीत, पण चहा गेलाच ना भाई."

ते लिहिल्यावर कळलं की जीपवाल्यांचा चहा परवडतो, कारण त्यांच्यामुळे गिऱ्हाईक येतं. तोटा होत होता तो दुपारच्या दुसऱ्या घाण्याच्या भज्यांत. ती निम्मी उरत आणि तेल मात्र पूर्ण जाळत. मावशीने दुसरा घाणा बंद केला. दिवाळीला तिने पहिल्यांदा सांगितलं, "माझी कमाई किती ते मला माहीत आहे." तोवर ती 'भागतंय' एवढंच सांगायची. हा एक शब्द आणि तो आकडा यांत किती फरक आहे, ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं.

पदवी मिळाली आणि तलासरीच्या एका छोट्या संस्थेत मला हिशेबनिसाची नोकरी लागली. संस्था पाड्यांवर अकरा बालवाड्या चालवत होती. प्रत्येक बालवाडीत एक ताई. ती मुलांना शिकवी, आणि दुपारची खिचडीही तीच शिजवी. तांदूळ-डाळीचा खर्च मुंबईतली एक देणगीदार कंपनी देई. आमचे प्रमुख निवृत्त शिक्षक होते, त्यांना आम्ही सर म्हणायचो. सर चालत पाडे फिरायचे आणि पावत्या शर्टाच्या खिशात ठेवायचे. धुलाईत काही पावत्या गेल्या, त्या मी दुकानदारांकडून पुन्हा मिळवल्या. सहा महिन्यांत कपाटात अकरा फायली उभ्या राहिल्या. सर पाहुण्यांना आधी ते कपाट दाखवायचे आणि मग बालवाडी. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि तो तसा खोटाही नव्हता. पण त्या कपाटात एक भोक होतं, आणि ते माझंच होतं.

२०१७ च्या दिवाळीनंतर कंपनीकडून तपासनीस आल्या. तिशीच्या आतल्या, कमी बोलणाऱ्या बाई. दोन दिवस त्या कपाटासमोर बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका पाड्याच्या दोन वह्या शेजारी ठेवल्या, एक हजेरीची आणि एक जेवणाची. हजेरीत मुलं चौदा. जेवणात त्याच दिवशी एकतीस. महिनाभर हाच प्रकार, कधी बारा-एकतीस, कधी सोळा-एकतीस.

"ही बाकीची सतरा जेवणं कुणी खाल्ली?" त्यांनी मला विचारलं.

जेवणाचे आकडे मी दर महिन्याला कॉम्प्युटरवर चढवत होतो. हजेरीची वही वेगळ्या फाईलला लावत होतो. दोन्ही समोरासमोर ठेवून मी कधीच पाहिल्या नव्हत्या.

त्यांनी सरांना सरळ सांगितलं. आठ दिवसांत समाधानकारक खुलासा आला नाही, तर त्या पाड्यावरच्या ताईंना काढावं लागेल आणि अकराही बालवाड्यांचा पुढचा हप्ता थांबेल. त्या ताई नऊ वर्षं सरांबरोबर होत्या. बाई गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "ती चोरी करणार नाही. पण हे मी सांगून उपयोग काय?"

ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे. हजेरीत कमी पडतील तेवढी टिंबं वाढव. शाई तीच आहे."

"त्यांनी वहीचे फोटो काढले असतील."

"नसतील काढले तर?"

मी विचारात पडलो, हे लपवणार नाही. मग वह्या पिशवीत घातल्या आणि पाड्याची जीप पकडली.

ताई चुलीपाशी होत्या. मी दोन्ही वह्या उघडून दाखवल्या. त्यांना अडचणच कळेना.

"बरोबर हाय ना, भाऊ. आली चौदा. जेवली एकतीस."

"न आलेली कशी जेवली, ताई?"

"घरी जेवली." माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की एवढं शिकून हे विचारतो. "आता गवत कापणी चालू. आयबाप पोरांना घेऊन माळावर जातात. पोर आला नाय म्हणून त्याचा वाटा जातो का? चार वाजता मोठ्या पोरींच्या हाती घरोघर पाठवते. तुझ्या गावाला नाय का देत?"

देतात. आमच्या पाड्यावर ओहोळ अडवून मासे धरले की जो घरी नसतो त्याचाही वाटा पानात बांधून दारात ठेवतात. आजारी माणसाचा, बाहेरगावी गेलेल्याचा. तो ठेवला, असं कुणी बोलूनही दाखवत नाही, कारण न ठेवणं कुणाच्या मनातच येत नाही. म्हणूनच ताईंनी ते वहीत लिहिलं नव्हतं. एकतीस मुलांचं अन्न, एकतीस वाटे, त्यांच्या दृष्टीने ती जेवणंच. आणि हा रिवाज माझ्याच अंगात असूनही, हिशेबनीस म्हणून मी कधी विचारलं नव्हतं.

"तुम्हाला काढायचं म्हणतात, ताई," मी सांगितलं.

त्यांनी पळी खाली ठेवली. "चोर म्हणून?"

मी मानेनेच हो म्हटलं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "मग पाड्यावर राहायचा कसा?" नोकरी जाईल का, हे त्यांनी विचारलंच नाही.

मॅडम तेव्हा मुलाकडे बडोद्याला राहायला गेल्या होत्या. मी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न केला, "त्या दोन वह्या तू कधी शेजारी ठेवल्या होत्या?"

"नाही मॅडम."

"मग चूक तुझी. बाईची नाही. हे खुलाशात पहिल्या ओळीत लिही."

"लिहितो."

"आणि वहीला हात लावला नाहीस ना?"

"नाही."

"लावलास तर माझ्या ओट्यावर बसला होतास हे कोणाला सांगू नको. आता ऐक. काटा ने आणि तांदूळ मोज. पण काटा एवढंच सांगेल की तांदूळ किती गेला. कुठे गेला ते घरं सांगतील. तपासायला त्या तपासनीस बाईलाच बोलव, चार वाजता, आणि घरं तिला निवडू दे. तू निवडू नको."

फोन ठेवताना म्हणाल्या, "निकाल लागला की लिहून पाठव. फोनवर सांगितलेलं माझ्या लक्षात राहत नाही आता."

दुसऱ्या दिवशी मी तलासरीच्या किराणा दुकानातून काटा उसना घेतला आणि जीपच्या टपावर बांधून नेला. महिन्याच्या सुरुवातीचा साठा आणि नवा आलेला माल मिळून तांदूळ नव्वद किलो होता. ताई मापाच्या डब्याने मोजून घालत. ते माप आम्ही काट्यावर तोललं, मुलामागे ऐंशी ग्रॅम भरलं. एकतीस मुलं, चोवीस दिवस. साडेएकोणसाठ किलो गेला पाहिजे, साडेतीस उरला पाहिजे. गोणी तोलली. पावणेतीस.

"पाऊण किलो कमी आहे," मी म्हणालो.

"उंदरांचा," ताई म्हणाल्या. "त्यांची पण हजेरी लावू का?"

दोन दिवसांत त्या पहिल्यांदाच असं बोलल्या होत्या. मी पाऊण किलो 'नासाडी' म्हणून लिहिलं.

खुलासा मी दोन पानांत लिहिला. पहिली ओळ माझ्या चुकीची होती. सर वाचून म्हणाले, "स्वतःला एवढं कशाला?" मी म्हणालो, "तिथूनच सुरुवात आहे, सर."

तपासनीस बाई सहाव्या दिवशी आल्या. त्यांना मी फक्त हजेरीपट दिला. न आलेल्या मुलांतून त्यांनी बोट ठेवून पाच नावं काढली. चार वाजता तीन मुली झाकलेली पातेली घेऊन निघाल्या आणि आम्ही मागून. पहिल्या घरी एक म्हातारे आजोबा अंगणात दोरी वळत बसले होते. खिचडी रोज येते का, असं बाईंनी विचारलं.

"येते."

"कधीपासून?"

"गवत कापायला लागले तवापासून. आवणीलाही येत होती, भातलावणी होती तवा." मग त्यांनी बाईंच्या बुटांकडे पाहिलं. "आमची पोरा जेवली का ते बघायला मुंबईवरून आलात?"

"हो."

"गाडीला लागला तेवढ्या पैशात बटाटे आले असते खिचडीत."

मी घाबरलो. बाई हसल्या, आणि म्हणाल्या, "ते पण लिहिते, बाबा." पाचही घरी वाटा पोचला. चौथ्या घरी मूल तापाने निजलेलं होतं आणि त्याची आजी त्यालाच भरवत होती. बाई तिथे जरा जास्त वेळ थांबल्या.

परतताना त्यांनी ताईंना सांगितलं, "वहीत अजून एक रकाना हवा. घरी पोचवलेले वाटे किती आणि कुणाच्या हाती दिले, ते लिहायचं."

"अजून लिवायचा?" ताई माझ्याकडे वळल्या. "शिजवू कधी, भाऊ?"

पण लिहायला लागल्या. मी तो रकाना अकराही वह्यांत आखून दिला. निकाल यायला महिना लागला. तो आल्यावर मी मॅडमना हे पत्र पाठवलं.

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही निकाल लिहून पाठवायला सांगितलं होतं. कंपनीचं पत्र काल आलं. अकराही बालवाड्यांचा हप्ता सुटला. ताई कामावर आहेत. पत्रात त्यांच्याबद्दल एक ओळ आहे, ती जशीच्या तशी लिहितो: 'सेविकेने अन्नाचा प्रत्येक वाटा मुलापर्यंत पोचवलेला आढळला.' सरांनी ती ओळ पाड्यावर जाऊन सगळ्यांसमोर वाचून दाखवली. ताई घरात निघून गेल्या, पण दाराआडून ऐकत होत्या, हे मी पाहिलं.

माझ्याबद्दलही एक ओळ आहे. दोन वह्या दर महिन्याला ताडून पाहाव्यात अशी हिशेबनिसाला सूचना. ती मी फाईलला लावली आहे. आता दर महिन्याच्या पाच तारखेला अकरा पाड्यांच्या बावीस वह्या टेबलावर असतात. सहकारी म्हणतो, तू वह्यांचा बाजार मांडलास. म्हणू दे.

मॅडम, आमच्या लोकांना कोणी चोर म्हटलं की आम्ही गप्प बसतो, कारण दाखवायला काही नसतं. या वेळी होतं. ते दाखवता आलं याचा मला पदवीपेक्षा जास्त आनंद झाला, आणि तो तुमच्यामुळे आहे.

नव्या रकान्याची पहिली वही ताईंनी आज पाठवली. हजर आणि घरी पोचवलेले मिळून रोज एकतीस व्हायला हवेत. एका दिवशी एकोणतीसच झाले. मी लगेच फोन लावणार होतो. मग पानाच्या कडेला त्यांचं बारीक अक्षर दिसलं: 'दोन वाटे परत आले, घरी कोणी नव्हता, शेजारच्या म्हातारीला दिले.' हे लिहायला मी त्यांना सांगितलं नव्हतं.

आपला विद्यार्थी