छत्रीच्या काड्या आणि सात दिवाळी अंक

नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं इतकं पटायचं की सासूबाईंना त्याचीच धास्ती होती. चारचौघांत मी तिला 'वन्सं' म्हणायची, अहो-जाहो करायची. स्वयंपाकघरात पाऊल पडलं की 'अगं-तुगं' सुरू. आम्ही दोघी एकाच वयाच्या आणि दोघींना खूळही एकच, दिवाळी अंकांचं.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. अंबरनाथला पूर्वेला आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. दरवर्षी घरात एक अंक यायचा, कधी कुणाकडून मागून आणलेला परत द्यायचा राहून जायचा. असे सात जमले. छापणाऱ्यांनी मापाचा काय नवस केला होता कोण जाणे! एक भिंतीवरच्या कॅलेंडराएवढा उंच, एक पंचांगासारखा निमुळता, एक चौकोनी, आणि एक तर आडवा उघडायचा. फळीवर रचले की गडगडून खाली.

वन्संचं लग्न ठरलं आणि या अंकांवर गदा आली. मुलगा कारखान्यात कामाला, घर बदलापूरजवळ चामटोलीला, भातशेतीचं. तिला अंक सासरी न्यायचे होते. सासूबाई म्हणाल्या, "मुलगी नांदायला चाललीय, वाचनालय काढायला नाही. त्या कागदांत मी लाडवांच्या पुड्या बांधणार."

त्या रात्री ती जेवलीच नाही. मला म्हणाली, "वहिनी, तिथे कुणी वाचतच नसेल तर गं?" नवऱ्याची, सासूची भीती तिला नव्हती. वाचायचं सुटेल याची होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामाला लागलो. सातही एकत्र बांधले तर पुड्यांसाठी कुणी फाडणार नाही, म्हणून आधी बाइंडरला विचारलं. तो म्हणाला, सगळे एका मापाला कापावे लागतील. म्हणजे उंच अंकातल्या प्रत्येक गोष्टीचा शेवट उडाला! वन्सं फणकारली, "मापात बसायला मी चाललेय ना? अंकांना कशाला कापता?"

लग्नाचे खण घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो, तेव्हा दुकानात दाराला अडसर म्हणून ठेवलेली एक भलीमोठी फाईल दिसली. जाड पुठ्ठे, कणा रुंद, कापडाचे नमुने लावायची. आम्ही खणांवर ती फुकट मागितली. दुकानदार सिंधी, हसून म्हणाला, "अदी, ये तो सैंपल का है. इसमें किताब नहीं बैठेगा." अदी म्हणजे ताई. वन्सं म्हणाली, "हम बिठाएगा ना!" आमचं हिंदी ऐकून त्याने ती लगेच देऊन टाकली.

घरी मामंजींची जुनी छत्री खुंटीला होती. कापडाच्या चिंध्या झालेल्या, तरी "यंदा नवं कापड घालतो" असं ते दरवर्षी म्हणायचे. आम्ही तिच्या आठही काड्या काढल्या. फुटक्या पाटीच्या चौकटीच्या दोन पट्ट्या घेतल्या, तापल्या सळईने त्यांना भोकं पाडली आणि त्या कण्याच्या दोन टोकांना ठोकल्या. अंक मधोमध उघडायचा, घडीत काडी घालायची, काडीची टोकं वर-खाली भोकांत अडकवायची. ना टाचणी, ना कात्री. बुटका असो की आडवा, प्रत्येकजण आपापल्या काडीला लोंबकळत बसला. उंच अंकासाठी पुठ्ठ्याला खळ लावून जोड दिला. अंक सात, काड्या आठ. एक काडी रिकामी राहिली, ती तशीच ठेवली. आम्ही फुगड्या घालायच्याच बाकी होतो.

पण सासरी न्यायच्या ट्रंकेत तळाशी लपवायला गेलो, तर झाकण लागेना! उंच अंक चार बोटं आडवा येत होता. वन्संचे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात मला रुखवत आठवलं. मुलीकडच्यांनी हातांनी केलेल्या वस्तू मांडायच्या आणि मांडलेलं सगळं मुलाकडे जायचं. रुखवतातली वस्तू कोण मागे ठेवून घेतं? लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही फाईलीवर खळीने खण चिकटवला, चहूबाजूंनी झालर सोडली आणि वर साखरेचं तुळशीवृंदावन ठेवलं. झाला चौरंग. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "बरं केलंत हो."

लग्नात अंतरपाटामागे वन्सं माझ्याकडे बघायची, मी चौरंगाकडे. तिचे खांदे गदगदायला लागले. बायका हळहळल्या, "रडतेय बिचारी." मी तोंडात पदर कोंबला.

मग विहीणबाई रुखवत बघायला आल्या, धिप्पाड, ठसठशीत कुंकू लावलेल्या. वृंदावन त्यांना भारी आवडलं, म्हणून उचलायला गेल्या. आता खळ ओली, साखर ओलावलेली. दोघींचं रातोरात लग्न लागलेलं! वृंदावनाला चिकटून पुठ्ठा वर आला, पुठ्ठ्यामागून काड्या, काड्यांना सातही अंक. सगळी वरात हवेत लोंबली. एकही अंक निसटला नाही. खरं सांगते, त्या भयंकर क्षणीसुद्धा मला आधी अभिमानच वाटला.

सासूबाईंचा चेहरा बघवेना. वन्संचं हसू कुठल्या कुठे पळालं.

"ह्ये काय गो?" विहीणबाईंनी विचारलं.

"रुखवतच आहे," मी म्हणाले. "आम्ही दोघींनी हातांनी केलंय."

त्यांनी एक काडी बोटाने वाजवून पाहिली. "छत्री मोडलीत?" आणि लगेच गाडीवानाला हाक मारली, "ह्ये नीट ठेव रं. पालथं नको घालू."

राग की लोभ, काही कळेना. वन्सं गेली. घर सुनं झालं. मामंजी छत्रीचा उरलेला दांडा काठी म्हणून वापरायला लागले. आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत.

वर्ष उलटल्यावर पावसाळ्यात मी चामटोलीला गेले. वन्संची तब्येत विचारायच्या आधी मी फाईल शोधली. ओटीवर कोनाड्यात होती, खणाला अजून साखर चिकटलेली. उघडली. रिकाम्या काडीवर गेल्या दिवाळीचा नवा अंक, आणि त्याच्या पुढे आणखी काड्या, नव्या, चकचकीत. अजून रिकाम्या.

"दिवे लागले की ही वाचते, आमी ऐकतो," विहीणबाई म्हणाल्या. "जागा पुरंना, म्हनून ह्यांची छत्री मोडली."

बाहेर वन्संचे सासरे पावसातून शेतावर निघाले होते, डोक्यावर पानांचं इरलं.

"ह्यांना इरलं बरं," विहीणबाई म्हणाल्या.