बोडीत वाघ

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. ठरलेली रक्कम चोवीसशे रुपये, निम्मी लगेच, निम्मी वार्षिक परीक्षेनंतर. हजर चौघे: मी, माझी बायको, नववीतली आमची मुलगी आणि गोंदियातले शिकवणीचे सर. बैठक त्यांच्या गच्चीवर, पत्र्याखाली.

मुलीला बी.एस्सी. नर्सिंग करायचं होतं. तिची मावशी दवाखान्यात नर्स आहे, ते बघून लहानपणापासून तिने हेच धरून ठेवलेलं. त्यासाठी दहावीनंतर सायन्स घ्यावं लागतं, आणि सहामाहीत तिला विज्ञानात चाळीसपैकी नऊ पडले. त्या दिवशी ती म्हणाली, मी आर्ट्स घेते, आणि न जेवता झोपली. आम्ही गच्चीवर जाऊन बसलो ते त्यामुळे.

सरांनी टेबलावर रंगीत कागद पसरले. प्रत्येक धड्याचा एक संकल्पना नकाशा. मधे मुख्य शब्द, भोवती चौकोन, चौकोनांना जोडणारे बाण आणि प्रत्येक बाणावर एक-दोन शब्द: कशापासून काय होतं, कोण कोणाला काय देतं. "पूरा चॅप्टर एक पेज पे," सर म्हणाले. "बच्चा भूल ही नहीं सकता." अठरा धडे, अठरा कागद, शिवाय रविवारचा तास. मी राइस मिलमध्ये हिशेब बघतो. एका पानावर सगळा माल दिसतो ही गोष्ट मला आवडणारच होती.

कागद आम्ही स्वयंपाकघरात धानाच्या कोठीवर लावले. पाढे पाठ करून घेतात तसंच ते पाठ करून घ्यायचे, याबद्दल घरात दुमत नव्हतं. संध्याकाळी मिलमधून आलो की मी कागद उलटा करायचो आणि ती कोऱ्या पानावर नकाशा उतरवायची. चौकोन मोजून मी गुण द्यायचो. महिनाभरात ती एकही बाण चुकेना. रंगसुद्धा तेच. बायकोने फोनवर मावशीला सांगून टाकलं, पोरगी आता लायनीवर आली.

मग गावच्या शाळेत पालकांची सभा झाली, मुलंही सोबत होती. विज्ञानाच्या मॅडमही वर्गात संकल्पना नकाशेच काढून घेत, पण त्यांच्याकडे छापील काही नव्हतं, नुसता फळा आणि खडू. त्या दिवशी त्यांनी फळ्याच्या कडेला शब्द लिहिले: ऊन, बोडी, शेवाळ, मासा, बगळा, गाळ, धान. आमच्याकडे गावाजवळच्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. आमच्या गावाची बोडी शाळेच्या खिडकीतून दिसते. मॅडम म्हणाल्या, हे शब्द बाणांनी जोडायचे आणि बाणावर नातं लिहायचं. कोण येतं?

मी मुलीकडे बघून मान हलवली. ती उठली. हात भराभर चालला. अक्षर छान, चौकोन सरळ. मी बाकाला टेकून बसलो. आदल्या संध्याकाळी याच धड्यात मी तिला बावीसपैकी बावीस दिले होते.

तिने लिहिलं: सूर्य, गवत, हरीण, वाघ.

आधी मला वाटलं, पुढे बोडी येईल. आली नाही. कडेला लिहिलेल्या सात शब्दांपैकी एकालाही तिने हात लावला नव्हता. कोठीवरचा कागद बावीस चौकोनांसह फळ्यावर उतरला होता, कोपऱ्यातल्या झाडासकट. मागून शेजारचे काका म्हणाले, "बाई, आमच्या बोडीत वाघ काय करून राहिला? नागझिऱ्याच्या जंगलात जागा नाही उरली का?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हळू विचारलं, "हा बाण हरणाकडून वाघाकडे का गेला? उलटा का नाही?"

मुलीने बाणाकडे पाहिलं.

"मॅडम, तो तसाच आहे," ती म्हणाली.

मी बाकावर सरळ बसलो. नऊ गुण पडले तेव्हाही मला एवढी लाज वाटली नव्हती. तेव्हा निदान कळत होतं की तिला येत नाही. इथे महिनाभर रोज पैकीच्या पैकी देऊन मी निश्चिंत होतो, आणि त्या बावीस चौकोनांच्या आत काहीच नव्हतं. दमडीचंही नाही. बाण म्हणजे कोणाची ऊर्जा कोणाला जाते, एवढी साधी गोष्ट तिला ठाऊक नव्हती, आणि मला तरी कुठे होती? मी चौकोन मोजत होतो.

काका अजून काही बोलणार होते. बायको मागे वळली. "काऊन हासता, भाऊ? तुमी काढा बरं जाऊन."

मॅडमनी फळा पुसला नाही. मुलीच्या हातात खडू तसाच ठेवून विचारलं, बोडीतला मासा काय खातो? शेवाळ. मग शेवाळाला कोण पोसतं? मुलगी खिडकीबाहेर बघून म्हणाली, ऊन. मग तिने कडेला एक लहान, वेडावाकडा बाण काढला. बगळ्याचा बाण उलटा काढला, थांबली, तळहाताने पुसला आणि फिरवला. कोणी सांगितलं नव्हतं. गाळापासून धानाकडे बाण काढून त्यावर लिहिलं, 'सकस करतो'. उन्हाळ्यात आम्ही बोडीतला गाळ बैलबंडीने बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, नेऊन टाकतो, ते तिने पाहिलेलं होतं. सात शब्दांना अर्धा तास लागला. दिसायला तो नकाशा कोंबडीने उकरल्यासारखा होता.

घरी आलो. कोठीजवळ गेल्यावर तिने विचारलं, "बाबा, शेवाळ मेलं तर बगळा बी मरंल का? तो तं शेवाळ खात नाही." तिने वही ओढली आणि स्वतःच बाण काढत बसली. अठरा कागद बायकोने त्याच दिवशी काढून कोठीखाली अंथरले. मुलीने रविवारी गोंदियाला जाणं बंद केलं, मॅडमकडे शाळा सुटल्यावर बसू लागली.

वार्षिक परीक्षेत तिला चाळीसपैकी एकोणीस मिळाले. मी दोनदा बघितलं. मला जास्त हवे होते. तिने मात्र मावशीला फोन करून सांगितलं की दहावीनंतर सायन्सच, आणि हे एकोणीस माझे आहेत.

दुसऱ्या दिवशी मी गोंदियाला जाऊन सरांना राहिलेले बाराशे दिले. ठरलं होतं, म्हणून दिले. ते म्हणाले, नंबर तो बढ़े ना? मी पावती मागितली. मॅडमना काही देऊ केलं तर त्या रागावल्या, म्हणून तिथे काही दिलं नाही. गावातल्या किराणा दुकानदाराला चाळीस रुपये दिले, आठ खोडरबरांचे. तिला फार लागतात.