ईसीजीची पट्टी

परभणी. चौऱ्याण्णव साल, विद्यापीठाचं नामांतर होऊन दोन-तीन महिने झाले असतील. एका खाजगी दवाखान्यात मी ईसीजी काढायचे. दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे... संध्याकाळी घरी कुणाशी बोलावंसंही वाटायचं नाही.

पेडगावचा एक ट्रक ड्रायव्हर छातीत दुखतं म्हणून दाखल झाला. चाळिशीचा असेल. त्याचा रक्ताचा रिपोर्ट औरंगाबादहून आला होता, एचआयव्ही. मग काय, अशक्तपणा त्यामुळेच, खोकला त्यामुळेच आणि छातीतली कळही त्यामुळेच.

आज डॉक्टर सांगतात की एचआयव्ही असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो, हृदय वेळेवर तपासा. तेव्हा मात्र या माणसाला हृदयही आहे, हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

डॉक्टरांनी ईसीजी लिहिला होता, पण घाई त्यांनाही नव्हती. आणि मी... मी घाबरले, खरं सांगते. मशीन बिघडलंय म्हणून दोन दिवस ढकलले. मशीन ठणठणीत होतं.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको माझ्या दारात येऊन उभी राहिली. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा ईसीजी निघताना तिनं पाहिला होता. भांडली नाही. म्हणाली, "बाई, तुमी लांबूनच सांगा कुठं लावायचं. मी लावते."

तिनंच जेली लावली, तिनंच त्याच्या छातीवर मशीनचा एकेक रबरी फुगा बसवला. मी फक्त बटण दाबलं. कागद सरकायला लागला आणि मी पट्टी हातात धरून पाहिली... हार्ट अटॅक होता. इतकं तर मलाही कळायचं.

औषधं सुरू झाली, जीव वाचला. हृदय अधू झालं ते झालंच. त्यात वाया गेलेले दोन दिवस माझ्या नावावर आहेत.

त्याला सुट्टी मिळाली त्या दिवशी ती पुन्हा आली. वाटलं, आता चार गोष्टी सुनावणार. तर हळूच म्हणाली, "बाई, ती कागदाची पट्टी द्या की मला. गावात लय इचारायलेत काय झालंय म्हणून. हार्टचं हाय म्हणून दाखवीन."

पट्टी बाहेर द्यायची नसते. मी दिली. तिनं ती घडी घालून पदरात बांधली.

माफी मागायची होती, जमलं नाही. अजून लाज वाटते... कारण जाताना हात तिनं जोडले, मला.