ग्रुपमधला अकरावा

प्रोग्राम चालत नाही, असं हिवरखेडच्या मास्तरांनी ग्रुपवर लिहिलं आणि मी न वाचताच खाली ‘हार्दिक अभिनंदन’ टाकलं. अकोल्यातले आमचे शेजारी पोस्टात क्लार्क आहेत. फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या एका प्रोग्रामिंग भाषेचं त्यांना वेड लागलंय, तिचा हा ग्रुप त्यांनीच काढलाय आणि मलाही त्यात घातलंय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

संध्याकाळी शेजारी वही घेऊन आले. मला वाटलं, आता मला काढणार.

“भाऊ, आत्ताशी कुठं आपन अकरा झालो. मास्तर रुसून गेले तं?” असं म्हणून त्यांनी मलाच पहिल्यापासून शिकवायला घेतलं. दर ओळीला “सोपं आहे, भाऊ.” मी तासभर मान हलवली. निघताना खूश होऊन म्हणाले, “रविवारी मास्तरले तुमीच समजावून सांगा.”

दार लावत बायको म्हणाली, “मास्तर नाई जात आता. तुमाले ऐकून त्याईले वाटन, आपल्याले तं बरंच येते.”