मोहाला बांधलेली केशरी फीत

बाळांनो, मागच्या रविवारी फोनवर थोरलीने सांगितलं की ती तिकडे परदेशात एका डोंगरातल्या शर्यतीत पळणार आहे. त्यावर धाकट्याने विचारलं, "आजी, आत्या अशी हळू का बोलते?" मी विषय बदलला. आत्याला ऊन लागलं होतं, एवढंच तुमचे बाबा तुम्हाला सांगत आले आहेत. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. थोरली डोंगरावर जाण्याआधी तिला सगळं माहीत असावं म्हणून मी हे जसं घडलं त्या क्रमाने लिहिते आहे. कुठे अडलं तर बाबांकडून वाचून घ्या. इंग्रजीत लिहिणं मला अवघड नव्हतं, पण यातली माणसं इंग्रजीत बोलत नाहीत.

तुम्ही दोघं तेव्हा फार लहान होता. आत्या सिंदेवाहीजवळच्या एका शाळेत चौथीचा वर्ग शिकवायची. चाळिशीला आली होती आणि नुकतीच पळायला लागली होती. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलातल्या एका डोंगरावर शर्यत होते, हे तिला कळलं. पहिल्या वर्षी ती चढावरच थांबली आणि मागे फिरली. त्याचं तिला फार लागलं. वर्षभर ती पहाटे धानाच्या बांधांवरून पळत राहिली. दुसऱ्या वर्षी निघताना मी म्हटलं, "नाही जमलं तर नाही जमलं."

"आई, या वेळी मी उतरेन तर पलीकडच्याच बाजूने," ती म्हणाली. "उशिरा आले तरी चालेल, पण फिरून येणार नाही."

मीही तिच्यासोबत गेले. मार्च संपत आला होता. डोंगर चढून, माथ्यावरून बरंच चालून पलीकडच्या वाडीशी उतरायचं, असा रस्ता होता. उन्हाच्या आत सगळे खाली यावेत म्हणून उजाडायच्या सुमारास पळणाऱ्यांना सोडलं. उतारावरच्या शेवटच्या पाण्याच्या टेबलापाशी मला बसवलं. मीठ-साखरेचं पाणी ढवळायचं, ग्लास भरून ठेवायचे, एवढं माझं काम. वाडीतल्या बाया येऊन उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीने विचारलं, "बाई, याहिच्या मागं कोन लागलं आहे?"

"कोणी नाही."

"मंग काऊन पळून राह्यले?"

"हौस म्हणून."

"घरी काम नसन त्याहिले," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले.

रस्ता दाखवायला झाडांना केशरी फिती बांधल्या होत्या. शर्यत भरवणारी मुलं बाहेरची नव्हती, याच जिल्ह्यातली होती. मोह कोणी तोडत नाही, मोह जागचा हलत नाही, म्हणून जिथे वाट फुटते तिथे त्यांनी मोहाचंच झाड निवडलं आणि आदल्या संध्याकाळी फिती बांधल्या. त्यात चूक अशी काही दिसत नव्हती. त्यांच्या स्वतःच्या घरच्या बायाही मोहाची फुलं वेचायला जात असत.

पुढचे पळणारे दरवर्षीचे, वाट पायाखालची असलेले; ते लवकर आले, पाणी प्यायले आणि गेले. मग बराच वेळ कोणी आलं नाही. ऊन चढलं. तेवढ्यात डोंगरावरून एक म्हातारी उतरली. तिच्या डोक्यावर मोहफुलांची टोपली होती, आणि टोपलीच्या काठाला केशरी फीत गुंडाळलेली होती. ती सावलीत टेकली तेव्हा मी तिला पाणी दिलं आणि सहज विचारलं, "ही फीत कुठली, बाई?"

"माह्या झाडाची," ती म्हणाली. "माह्या सासूच्या वेळचं झाड आहे ते. पहाटे गेली तं कोनं तरी फडकं बांधून ठेवलेलं. खालच्या टोल्यावाल्याहिचं, त्या दुसऱ्या वस्तीवाल्याहिचं काम असन म्हटलं. मागच्या सालीही झाडावरून भांडले ते. सोडून घेतलं मी. टोपलीले कामी आलं."

तिकडे मोहाची झाडं जंगलात असली तरी प्रत्येक झाड कोणत्या तरी घराचं असतं. त्याच्याखालचा पाचोळा तेच घर साफ करतं, फुलं तेच घर वेचतं. दुसऱ्याच्या झाडाला काही बांधणं म्हणजे ते झाड आपलं आहे असं सांगणं. बांधणाऱ्या मुलांना हे माहीत नव्हतं असं नाही. फिती बांधताना त्यांच्या मनात शर्यत होती, फुलांचा हंगाम नव्हता.

मी विचारलं, "तुमच्या झाडाशी वाट फुटते का?"

"फुटते ना. एक इकडं येते. एक तिकडं नाल्यात उतरते. तिकडं कोनी जात नाई, पानी नाई तिथी."

मी हातातला ग्लास खाली ठेवला. थोड्या वेळाने मागचा घोळका आला. त्यांच्याबरोबर सगळ्यांच्या शेवटी चालणारे दोघं कार्यकर्ते होते. त्यांना वाट पाठ होती, त्यामुळे फीत नसल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. आत्या त्यांच्यात नव्हती.

"त्या मॅडम पुढे गेल्या ना, काकू," एक जण म्हणाला. "कधीच गेल्या."

मी म्हातारीच्या टोपलीकडे बोट दाखवलं. त्याने फीत पाहिली आणि तो डोंगराकडे वळला.

म्हातारीला समजावून सांगावं लागलं नाही. तिने टोपली तिथेच ठेवली, फुलं तशीच उन्हात, आणि त्या दोघांच्या पुढे चालू लागली. मला त्यांनी येऊ दिलं नाही. मी टेबलापाशी थांबले. वाडीतल्या बाया आता हसत नव्हत्या. एकीने माझ्यासाठी खाट आणली, मी बसले नाही. नंतर तीच खाट घेऊन माणसं वर गेली.

आत्या नाल्यात बरीच खाली सापडली. फीत दिसेना तेव्हा परत वर चढून पाहावं, हे कोणालाही सुचलं असतं. पण तिने मागे न फिरण्याचं ठरवलं होतं, म्हणून ती खाली खाली जात राहिली. वेळ भरून काढायला पळतही राहिली असावी. तिच्याजवळचं पाणी केव्हाच संपलं होतं. खाटेवर आणली तेव्हा तिचं अंग तापलेलं आणि कोरडं होतं, घामाचा थेंब नाही. डोळे उघडे होते, पण मी तिला दिसत नव्हते. ती हजेरी घेत होती. चौथीच्या मुलांची नावं, एकामागून एक. मध्ये थांबून "हजर म्हण" असं दटावत होती.

बायांनी तिच्यावर घागरी ओतल्या. मग गाडी, गडचिरोली, तिथून नागपूर. ती वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, शरीराचा तोल सांभाळणारा मेंदूचा भाग तापून दुखावला आहे, तो पूर्ववत होणार नाही. तेव्हापासून ती भिंतीला हात लावून चालते आणि शब्द तोंडात अडकतात. शाळा सोडावी लागली. तुमच्याशी बोलताना ती लवकर फोन ठेवते, ते रागाने नाही. तुम्हाला वाट पाहायला लागू नये म्हणून.

पावसाळ्याच्या आधी ती म्हातारी मुलासोबत आपल्या घरी आली होती. दारातच बसली, आत आली नाही. "बाई, मी ते सोडलं नसतं तं," एवढंच म्हणाली. आत्या आतून भिंत धरत आली आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसली. तिला एक वाक्य जुळवायला फार वेळ लागला. "झाड... तुमचं... होतं." म्हातारीने पदर तोंडाला लावला.

शर्यत एक वर्ष झाली नाही, मग पुन्हा सुरू झाली. आता दगडांवर चुन्याच्या खुणा करतात.

थोरले, तू जा. खूण दिसेनाशी झाली तर जिथे शेवटची दिसली तिथवर परत ये. लाज वाटली तरी ये.

आत्याची चाल गेली, पळणं गेलं, फळ्यावरचं अक्षर गेलं. त्या वर्गाची हजेरी तिला अजून पाठ आहे, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत.